नांदगांवची बाग आणि माझीं बारा कलमें

मनमाडचा गलबला मागें टाकून गाडी खान्देशच्या वाटेस लागली म्हणजे पानेवाडी, हिसवहाळ, पांझण अशीं लहान लहान स्टेशनें एकामागून एक येतात, आणि तीं ओलांडतांच नांदगांव येतें. जलद गाडीनें जाणाऱ्यास हीं नांवें वाचावयासहि सवड मिळत नाहीं. दोहों बाजूंस मुरमाड माळ, मधूनमधून बाभळी, क्षितिजावर बोडक्या डोंगरांची ओळ, आणि जेथें विहिरीला पाणी लागलें असेल तेथें हिरव्या रंगाचा एखादा चौकोनी तुकडा, असा हा सगळा प्रदेश आहे. मी गेलों तो मार्गशीर्षाचा महिना होता. बाजरी घरांत आली होती, कपाशीची शेवटची वेंचणी चालू होती, आणि वाफ्यावाफ्यांतून बायका ओणव्या होऊन कांद्याचीं रोपें लावीत होत्या.

आज या गांवीं मुद्दाम उतरणारा परका प्रवासी विरळा. परंतु एके काळीं वेरूळचीं लेणीं पाहूं इच्छिणारा मुंबईकडचा प्रवासी येथेंच उतरत असे व पुढें टांग्यानें किंवा बैलगाडीनें घाट चढून निजामाच्या मुलखांत शिरत असे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि नांदगांवचें हें महत्त्व एका वर्षांत संपलें. लहानपणीं आमचे आजोबा हें असें सांगत कीं, जणूं रेल्वे कंपनीनें घरच्याच कोणाचा हक्क बुडविला आहे! त्या औरंगाबादच्या वाटेकडे पाहिलें म्हणजे मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते. नागपूरचें म्हणून जें संत्रें आज देशभर प्रसिद्ध आहे, तें अठराव्या शतकांत रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेहून नेऊन आपल्या बागेंत लावलें असें परंपरेनें सांगतात. म्हणजे ज्याला आपण नागपूरचें समजतों तेंहि मूळचें परगांवचें. फळझाडांस आपले पाय नसले तरी माणसाचे पाय त्यांना पुरतात. ही गोष्ट मी वर्गांत कितीदां तरी कौतुकानें सांगितली असेल. तिची दुसरी बाजू मात्र या प्रवासांत, आणि तीहि माझ्याच पदरचा दोष म्हणून, माझ्या ध्यानांत आली.

गांवांतून लेंडी आणि शाकांबरी या दोन नद्या वाहतात. वाहतात हें म्हणणें वर्षांतल्या थोड्या महिन्यांपुरतेंच खरें. एरवीं त्यांच्या पात्रांत गुरें बसतात. सप्टेंबर २०२१ मध्यें मात्र या दोघींस असा पूर आला कीं, बाजारपेठेंत पाणी शिरून दुकानांतला माल वाहून गेला. याच तालुक्यांत गिरणेवर मोठें धरण आहे. तें १९६९ सालीं पुरें झालें, पण त्याच्या पाण्याचा मोठा वांटा खालीं खान्देशास जातो. तेव्हां धरण उशाशीं असूनहि डोळे आभाळाकडे, अशी इथल्या कुणब्याची स्थिति आहे. अशा ठिकाणीं बाग लावणें म्हणजे मूल वाढविण्याइतकेंच धाडस होय.

आमची वडिलार्जित जमीन गांवापासून कोसभर अंतरावर आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर आम्हां तिघां भावांचीं नांवें आहेत, परंतु घाम गाळतो तो एकटा माझा पुतण्या. थोरले बंधु वारल्यानंतर त्यानें नोकरीचा विचार सोडला, विहीर खोल केली, आणि नऊ वर्षांपूर्वीं मोसंबीचीं अडीचशें झाडें लावलीं. परवान्याच्या रोपवाटिकेंतून, पावती घेऊन, वाहनाचें भाडें भरून त्यानें तीं आणलीं होतीं. दुष्काळाच्या एका सालीं तर त्यानें टँकरचें पाणी घालून तीं जगविलीं. गेल्या आश्विनांत त्याचा दूरध्वनि आला. “काका, विहिरीकडच्या ओळी पिवळ्या पडूं लागल्या आहेत. पुण्याचे काका म्हणतात, जमीन विकून मोकळे व्हा. तुम्ही एकदां येऊन बघून जा. तुम्ही म्हणाल तसें करूं.”

शेवटच्या वाक्यानें माझी झोंप उडाली.

घरीं पोहोंचलों तों सूनबाई परसांत लिंबाच्या झाडापाशीं उभ्या होत्या आणि मुलें एका कांचेच्या बरणीभोंवतीं डोकीं एकत्र करून बसलीं होतीं. बरणींत लिंबाचीं चार पानें व त्यांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखें कांहींतरी होतें. मी तोंड फिरविलें, तों धाकटी म्हणाली, “आजोबा, ती घाण नाहीं, अळी आहे. पांखरांनीं खाऊं नये म्हणून ती तसें सोंग घेते. मोठी झाली कीं हिरवी होईल, मग फुलपांखरूं होईल.” सूनबाई रोज सकाळीं देवपूजेच्या फुलांबरोबर या अळ्याहि वेंचतात. फुलें परडींत जातात आणि अळ्या साबणाच्या पाण्यांत. दोनचारांस मात्र मुलांच्या हट्टानें बरणींत आश्रय मिळतो. या झाडाचीं लिंबें वर्षभर सगळ्या घराच्या लोणच्याला पुरतात. कोंवळ्या पानांवर नागमोडी चंदेरी रेघा ओढणारी पानें पोखरणारी अळी, शेंड्यावर दाटणारा मावा, पानांफळांवर खरबरीत तपकिरी ठिपके उठविणारा खैऱ्या, या साऱ्यांची नांवें त्यांना मुखोद्गत आहेत. आमच्या पिढीच्या बायकांना पापडाच्या पिठाची होती तशी!

दुसरे दिवशीं कृषिखात्यांतले एक तरुण गृहस्थ बाग पाहण्यास आले. पुतण्यानें त्यांना मोसंबीच्या पिवळ्या ओळी दाखविल्या. त्यांनीं त्या पाहिल्या, पण त्यांची नजर पुन्हां पुन्हां विहिरीच्या बांधाकडे जात होती. तेथें संत्र्याचीं बारा झाडें होतीं. दोन पार वाळलेलीं, तिघांच्या बुंध्यांतून मधासारखा डिंक ओघळून वाळलेला, बाकीचीं कुठें हिरवीं कुठें पिवळीं.

“हीं कोठून आणलीं?” त्यांनीं विचारलें.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. तो बोलणार नाहीं हें मला ठाऊक होतें. मींच म्हटलें, “हीं मीं आणलीं.”

आठ वर्षांपूर्वीं एका नातेवाइकाच्या लग्नाहून परततांना, एका मोठ्या जंक्शनाबाहेर, पत्र्याच्या आडोशाला कलमें विकणारा एक मनुष्य मला दिसला होता. पुतण्यानें नवी बाग लावली आहे, तिला काकाची कांहीं भेट असावी, या हौसेनें मीं बारा कलमें घेतलीं. त्यानें पस्तीस रुपये सांगितले, मीं घासाघीस करून तीस केले. ओल्या गोणपाटांत गुंडाळून रात्रभर गाडींत मांडीवर सांभाळीत आणलीं. ना पावती, ना चिठ्ठी, ना विकणाऱ्याचें नांव. एकूण साठ रुपये वाचविल्याचा आनंद मला कित्येक दिवस पुरला होता.

त्या गृहस्थांनीं कुदळ मागविली व एका झाडाचा बुंधा उकरला. कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या खुंटावर वरच्या जातीचा डोळा जेथें भरलेला असतो ती जागा, जमिनीपासून चांगली वीतभर उंच पाहिजे. येथें ती चार बोटें मातीखालीं गाडलेली होती. बारीक मुळ्या चिमटींत धरून ओढल्या तर साल मोज्यासारखी निघून येई व आंतली दोरी तेवढी हातांत राही. “हा डिंक्या. याची बुरशी मातींतून आणि पाण्यांतून पसरते,” ते म्हणाले. “बहुतेक रोपाच्या पिशवींतल्या मातींतूनच आली असावी. सांधा गाडला गेल्यामुळें तिला वर चढायला शिडी मिळाली, आणि एकवीस सालीं पाणी सांचून राहिलें तेव्हां तिनें हातपाय पसरले.” मग त्यांनीं एक फांदी वांकविली. “पण मला भीति याची नाहीं. बोर्डो मलम लावून, पाणी बुंध्याला न लागेल असें दुहेरी आळें करून डिंक्याशीं झगडतां येतें. मला भीति या पानांची आहे.”

पानें पिवळीं होतीं, यापलीकडे माझ्या डोळ्यांस कांहीं दिसेना. त्यांनीं समजावून सांगितलें. जमिनींत जस्त किंवा लोह कमी पडलें तर पान मधल्या शिरेच्या दोहों बाजूंस सारखेंच पिवळें पडतें. या पानांवर मात्र डाव्या बाजूचा डाग उजव्या बाजूस नव्हता. कोणीं डोळे मिटून रंग शिंपडावा तसा पिवळेपणा होता. फळें लहान, वांकडीं, आणि पिकूनहि खालच्या अंगाला हिरवीं. या रोगाला इंग्रजींत या हिरवेपणावरूनच ‘ग्रीनिंग’ म्हणतात. चिनी लोक पिवळ्या शेंड्यांवरून ‘हुआंगलोंगबिंग’ म्हणतात. झाडाच्या पानांत तयार झालेलें अन्न ज्या नळ्यांतून मुळांकडे जातें त्या नळ्यांत राहणारा हा सूक्ष्म जंतु. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेणारा कीटक म्हणजे सायला, तिळाहून फारसा मोठा नव्हे. बसतो तो डोकें खालीं आणि पाठीमागचें अंग उंच करून, जणूं कोणी ओणवा होऊन जमिनीवरचें कांहीं हुंगीत आहे. कोंवळ्या फुटीवर तो अंडीं घालतो. “आणि दुसरा वाहक?” मीं विचारलें. “दुसरा वाहक माणूस. रोगी झाडाचा डोळा काढून निरोगी खुंटावर भरला कीं नवें झाड जन्मतःच रोगी. या रोगावर औषध नाहीं.”

त्या दिवशीं संध्याकाळीं मन स्वस्थ बसेना म्हणून मीं जुन्या पेटींतली बृहत्संहिता काढली. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय लिहिला आहे आणि त्यांत झाडाच्या रोगाचीं लक्षणें चार शब्दांत बसविलीं आहेत: पानें फिकट होणें, कोंवळी पालवी न वाढणें, फांद्या वाळणें आणि रस पाझरणें. आमच्या बांधावर हीं चारहि हजर होतीं. कारण म्हणून त्यानें थंडी, वारा व ऊन हीं दिलीं आहेत. उपाय म्हणून शस्त्रानें रोगी भाग कापून विडंग, तूप व चिखल यांचा लेप लावावा आणि दूध घातलेलें पाणी शिंपावें असें सांगितलें आहे. लक्षण पाहण्याची त्या डोळ्यांची शक्ति पाहून मस्तक नम्र होतें. डिंक्यासाठीं साल तासून वर मलम लावतात तो प्रकारहि त्या लेपाचाच वंशज म्हणावा. परंतु एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडास जडतो, आणि तो चांगल्या मनुष्याच्या प्रेमळ हातानेंच जडूं शकतो, ही कल्पना त्या अध्यायांत मला आढळली नाहीं. ती फार अलीकडची आहे, आणि पुष्कळ नुकसान सोसून मिळालेली आहे.

हें कुळ मूळचें आपल्याच बाजूचें. अमरकोशांत जंबीर आहे, त्याचें एक नांव दंतशठ. दांतांशीं शठपणा करणारा! संत्र्याच्या जातीला त्यांत नागरंग म्हटलें आहे. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातांत मातुलुंग, म्हणजे आपलें म्हाळुंग आहे. परंतु फळ आपलें तसे रोगहि आपलेच. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत १८२७ ते १८३१ या काळांत हिंदुस्थानांतून नेलेल्या म्हाळुंगाच्या वाळविलेल्या फांद्या जपून ठेवल्या आहेत. फॉसेट व जेन्किन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं त्या पाहिल्या, तों पानांवर खैऱ्याचे डाग जसेच्या तसे. शंभर वर्षें त्यांच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. तोंवर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर या खैऱ्यानें हाहाकार केला होता. १९१० च्या सुमारास जपानहून कलमांसाठीं आणलेल्या खुंटांच्या रोपांबरोबर तो तेथें उतरला. तेथील सरकारनें झाडें जागच्या जागीं तेल टाकून जाळण्याचा सपाटा लावला. बागांतलीं आणि घरांच्या आवारांतलीं अडीच लाखांवर झाडें गेलीं. पण रोपवाटिकांतलीं रोपें गेलीं तीं तीस लाखांवर! या दोन आंकड्यांतच रोग कोठें राहतो व कोठून निघतो हें आलें. १९३३ मध्यें फ्लॉरिडानें खैऱ्या हद्दपार झाल्याचें जाहीर केलें. पुढें तो परत आला, आणि २००५ मध्यें त्याच भूमींत ग्रीनिंगहि आढळला, हा पुढला अध्याय. तो वाचतांना मात्र धीर सुटतो.

आपल्याकडेहि कायदे झाले नाहींत असें नाहीं. परदेशांतून येणाऱ्या किडींस अटकाव करणारा कायदा १९१४ सालचा. देशांतल्या देशांत कीडरोगांचा बंदोबस्त करण्याचा अधिकार मद्रासनें १९१९ मध्यें आणि मुंबई इलाख्यानें १९४७ मध्यें कायद्यानें घेतला. पण विकलें जाणारें कलम स्वतः कसें असावें, याचा कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९६९ सालीं, म्हणजे गिरणेचें धरण पुरें झालें त्याच वर्षीं. त्याचा आशय साधा आहे. फळझाडांचीं रोपें विकण्याचा धंदा करणारानें परवाना घ्यावा. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, याची नोंद ठेवावी. मातृवृक्ष व रोपें कीडरोगांपासून मुक्त ठेवावीं. गिऱ्हाइकाला जात कळेल अशी चिठ्ठी रोपाला असावी. हें वाचून मला वाटलें, लग्न ठरवितांना गोत्र, प्रवर, मामकुळ सारें विचारून मग पुढें पाऊल टाकणारे आम्ही लोक. आणि बारा झाडें जन्माचीं घरांत आणतांना मीं विकणाराचें नांवसुद्धां विचारलें नाहीं!

कायद्याची बाजू घेऊन बोलणें मला एरवीं आवडत नाहीं. परवाना म्हटला कीं खेटे आले, आणि ज्याचा हात कसबी आहे पण ज्याला अर्ज लिहितां येत नाहीं अशा माळ्याची त्यांत ओढाताण होते. अमरावतीकडे वरूड, शेंदूरजनाघाट या बाजूस हजारों घरें संत्र्याच्या पन्हेरीवर जगतात. जंबेरीच्या बियांचीं रोपें करून त्यांवर डोळा भरणाऱ्या तेथल्या माणसांच्या बोटांत पिढ्यापिढ्यांचें ज्ञान आहे. तें कोणत्याहि तपासनिसाच्या वहींत सांपडणार नाहीं. परंतु डोळा भरणाऱ्याचें बोट कितीहि कुशल असो, डोळ्याच्या आंत काय आहे हें त्याला दिसत नाहीं. तें प्रयोगशाळेला दिसतें. म्हणून मातृवृक्ष तपासलेले असावेत, ते बारीक जाळीच्या घरांत कीटकांपासून दूर ठेवावेत, पिशवींतली माती उन्हांत प्लॅस्टिकखालीं तापवून घ्यावी, या गोष्टी कोणा एकट्याच्या सद्भावावर सोडतां येत नाहींत. नागपुरास १९८५ सालीं सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची संशोधनसंस्था आहे. शेंड्याचा डोळ्याला न दिसण्याइतका सूक्ष्म अंकुर काढून तो कांचेच्या नळींतल्या खुंटावर बसविण्याची युक्ति तेथें वापरतात. झाडांत रोग असला तरी त्या इवल्या अंकुरांत तो बहुधा पोहोंचलेला नसतो.

आमचीं पानेंहि तपासणीसाठीं पाठविलीं. उत्तर येईपर्यंत मी राहिलों. या दिवसांत जी गोष्ट मला खरोखर लागली ती पुतण्यानें एका रात्रीं जेवतांना सांगितली. बांधावरच्या बारांपैकीं एका झाडाला पांचव्या वर्षीं फार सुरेख फळें आलीं होतीं. शेजारच्या शेताचे आबा तीं चाखून खूष झाले, आणि त्या झाडाचे डोळे काढून त्यांनीं घरच्या जंबेरीच्या रोपांवर भरले. चाळीस झाडें. तीं दोन वर्षांपासून त्यांच्या शेतांत उभीं होतीं. “देऊं नको असें मी कसें म्हणणार, काका?” पुतण्या म्हणाला. “आपल्या विहिरीला पाणी नव्हतें त्या उन्हाळ्यांत त्यांनींच आपली बाग भिजविली.”

त्याचें म्हणणें खरें होतें. मागेल त्याला कलम द्यावें, हा आपल्याकडचा शेजारधर्म आहे. तुळस, मोगरा, अळूचा कांदा, कढीलिंबाचें रोप, यांची देवघेव नसती तर आपलीं परसें ओसाड राहिलीं असतीं.

नवव्या दिवशीं नागपूरचें उत्तर आलें. बारांपैकीं ज्या चार झाडांचीं पानें धाडलीं होतीं त्यांतल्या तिघांत ग्रीनिंगचा जंतु होता. आबांना प्रिय झालेलें झाड त्या तिघांत होतें. मोसंबीच्या जवळच्या ओळींतून पाठविलेल्या पानांतहि तो निघाला. लांबच्या ओळी मात्र निर्दोष होत्या.

आबांना हें कोणीं सांगावें? पुतण्या निघाला होता. मीं त्याला थांबविलें व एकटाच गेलों. आबा माझ्याहून दहा वर्षांनीं वडील. ते खळ्यावर तुरीच्या शेंगा निवडीत बसले होते. मीं बसलों आणि साठ रुपयांपासून आरंभ करून सारें सांगितलें. कायद्याचें नांव मीं काढलें नाहीं. ते शेंगा निवडीतच राहिले. शेवटीं म्हणाले, “गुरुजी, माझीं झाडें हिरवीं आहेत.” मीं म्हटलें, “आमचींहि तीन वर्षांपूर्वीं हिरवीं होतीं, आबा.” त्यावर त्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. मी उठलों तेव्हां त्यांनीं नेहमींप्रमाणें चहाला थांबा म्हटलें नाहीं.

आमचीं बारा आणि मोसंबीचीं सतरा झाडें काढावयाचें ठरलें. त्यांतहि एक रीत आहे, ती मला त्या तरुण गृहस्थांनीं सांगितली. आधीं औषध फवारून सायला मारावा आणि मग कुऱ्हाड लावावी. नाहीं तर झाड पडतांच तो उडतो आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. फवारणीच्या दुसऱ्या दिवशीं तोडणी सुरू झाली. ज्या झाडाला मीं मांडीवरून आणलें होतें त्याच्यावर पहिला घाव मींच घातला. म्हाताऱ्याचा घाव तो. सालीपलीकडे गेला नाहीं. पुढलें गड्यांनीं केलें. मुळांसकट खणून ढीग रचला. ओलें लांकूड धुमसत राहिलें आणि संत्र्याच्या पानांचा तो वास दुपारभर शिवारांत दरवळला. सूनबाई मुलांना घेऊन आल्या होत्या, त्या परत घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशीं सकाळीं आबांच्या शेतांतून फवारणीच्या पंपाचा आवाज आला. आम्ही कोणीहि गेलों नाहीं. संध्याकाळीं तिकडूनहि धूर दिसला.

पुण्याच्या भावास मीं पत्र लिहिलें कीं जमीन विकावयाची नाहीं, निदान मी सही करणार नाहीं. रिकाम्या झालेल्या जागीं पुतण्या एक वर्ष कडधान्यें घेणार आहे, आणि मग परवान्याच्या रोपवाटिकेंतून रंगपूर लिंबाच्या खुंटावरचीं मोसंबीचीं कलमें. त्यांचे पैसे मीं द्यावयाचे. आबांच्या चाळीसांचेहि मीं देऊं केले होते. त्यांनीं निरोप पाठविला कीं गुरुजींना सांगा, हिशेब विहिरीच्या पाण्याच्या वेळीं मांडला नव्हता, तर आतां कां मांडतां? सूनबाईंनीं मुलांच्या जन्मपत्रिका ठेवलेल्या डब्यांत एक नवें पाकीट करून ठेवलें आहे, त्यावर ‘बागेच्या पावत्या’ असें लिहिलें आहे. आज तें रिकामें आहे.

निघतांना आबा स्टेशनावर आले. गाडी अर्धा तास उशिरा होती, तरी आमच्यांत फारसें बोलणें झालें नाहीं. पाऊस, कांद्याचा भाव, माझे गुडघे. गाडी लागल्यावर त्यांनीं एक कापडी पिशवी खिडकींतून आंत दिली. घरची कागदी लिंबें होतीं, पन्नाससाठ तरी असतील. “पानें ठेवलीं नाहींत हं,” ते म्हणाले, “पानाबरोबर तो जातो म्हणे.” गाडी हलली. पांझण येईपर्यंत मीं पिशवी उघडून पाहिली. एकएक लिंबू पुसलेलें होतें आणि कोणत्याहि देठाला पान नव्हतें.